चूळ

"हे दारू घेतात का?"

डॉक्टरीणबाई दाजींच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होत्या. प्रश्न मला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर तुऱ्याची टोपी अशा अवतारात उभा होतो. खाटेवर तसलाच लाल कोट घातलेले आमचे दाजी. गजेंद्र जावीर. माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनअक्काचे, मालक आणि आमच्या बँडचे कॉर्नेटवाले. लग्नाच्या गावाला निघालो होतो आणि वाटेत गाडीत ते तीनदा ओकले होते.

"छ्या हो मॅडम," मी म्हणालो. "वर्ष झालं, थेंबाला शिवलं न्हाईत."

"गोळ्या काही? अंगदुखीच्या, तापाच्या?"

"दात दुखत हुता. एखाद-दुसरी घेतली आसंल."

"एखाद की दुसरी?"

बाहेर आमच्या गाडीचा हॉर्न बोंबलला. लखन, आमचा साईड ड्रमवाला, त्याला धीर म्हणून नाही. साडेबाराचा मुहूर्त होता आणि त्याआधी परण्या, म्हणजे नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला वाजत न्यायचं होतं. पोरांना गाडीत बसवून ठेवलं होतं आणि माझा जीव अर्धा तिकडे.

"दोन," मी म्हणालो. "दोनच."

बाईंनी बरगडीखाली उजवीकडं दाबलं तसे दाजी "आई गं" म्हणून आखडले. बाईंचं नाव मुजावर. तिशीच्या आतबाहेरच्या असतील. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं.

"डोळे पिवळे आहेत. रक्त तपासायला पाठवते. तुम्ही थांबा इथं."

"मॅडम, तारीख हाय वो. पार्टीला शबूद दिलाय. माझ्या बहिणीला फोन केलाय, ती येतीया. मी दोन वाजायच्या आत हजर."

दाजींनी माझी बाही धरली. हात गार होता. "शालनला सांगू नगंस," ते हळूच म्हणाले.

"न्हाई सांगत."

"आन् उशीर करू नगंस, हणमंता."

मी बाही सोडवून घेतली आणि पळालो.

आता खरं काय ते सांगतो. दाजींचा पुढचा वरचा दात पंधरा दिवस ठणकत होता. कॉर्नेटवाल्याचा पुढचा दात म्हणजे पैलवानाची मांडी. त्याच्या जोरावर ओठ टेकतो, ओठावर वाद्य टेकतं. दात गेला की फुंक फुसकी होते. दातांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आत पू झालाय, काढा. दाजी मला विचारायला आले.

"हणमंता, काढू का?"

"दाजी, अजून अकरा तारखा हायत! लगीनसराई संपू द्या, मग अख्खी बत्तिशी काढा."

सगळे हसले. मीही हसलो. बँडमालक होतो ना मी. आमच्या आज्यानं सनई सोडून बँड काढला, बापानं वाढवला आणि मी त्याचा मास्तर. तापट माणूस. बँड सांभाळायचा तर तोंडात शिवी लागते, आणि माझ्या तोंडात ती दाजींसाठीसुद्धा तयार असायची.

पण दाजी वाजवायचे! परण्या निघाला आणि दाजींनी वरचा सूर धरला की घोडासुद्धा कान टवकारायचा. त्यांच्यामुळं आम्हाला शेजारच्या तालुक्यातून आमंत्रणं यायची. दारूनं मात्र त्या माणसाची माती केली होती. पंधरा वर्षं रोजची. वर्षापूर्वी असेच ढोसून गाडीच्या टपावरून पडले, तेव्हा अक्कानं रेश्माला पुढं उभी केली. त्यांची एकुलती लेक, तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिच्या डोक्यावर हात ठेवून दाजींनी शपथ घेतली आणि पाळलीसुद्धा. नवरदेवाचे दोस्त क्वार्टर पुढं करायचे, दाजी हात जोडायचे. आम्ही टिंगल करायचो. बुवा झालास काय, म्हणायचो.

दात ठणकायला लागल्यावर आमच्या ढोलवाल्या बापू गेजग्यानं जुना उपाय काढला. बापू साठीचा, त्याला सगळे उपाय ठाऊक. देशीचा एक घोट तोंडात घ्यायचा, दुखऱ्या दातावर धरायचा, हिरडी बधिर झाली की थुंकून टाकायचा. जुने बँडवाले असंच करायचे म्हणे.

"शपथ हाय बापू," दाजी म्हणाले.

आणि मी, मी शहाणा, म्हणालो, "चूळ म्हंजे पिणं न्हवं दाजी! गिळू नका, झालं. शपथ कुठं मोडती?"

पहिल्या दिवशी दोन-तीनदा त्यांनी खरंच थुंकली. पण परण्या चालू असताना थुंकायचं कुठं? अंगात वर्दी, पुढं आरत्या घेतलेल्या बायका, मागं घोड्यावर नवरदेव. बँडवाल्यानं नवरदेवापुढं पचकन थुंकलं तर पावण्यांनी ढोलासकट बडवलं असतं. दाजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि गिळली. मी क्लॅरनेट वाजवत होतो. मला त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होताना दिसली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थुंकायला जागा शोधणंच सोडलं. तोंडात घ्यायची, धरायची, गिळायची. मला दिसत होतं. पण वाजवत होते असं, की एका नवरीच्या मामानं रडून त्यांच्या गळ्यात आपला फेटा घातला. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे.

आणि गोळ्या मी दिल्या होत्या. दोन नाही. सोमवारी रात्रीपर्यंत दीड पाकीट माझ्याच खिशातून गेलं होतं. जेवण तर बंदच होतं. दातामुळं घास चावेना. चहा, गोळी, चूळ, कॉर्नेट. असे तीन दिवस. आणि चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, हा दवाखाना.

तिकडं लग्नात मी दाजींच्या जागा क्लॅरनेटवर भरत होतो. दाजींची एक ओळ असायची, गाणं संपता संपता सूर वर नेऊन तिथंच ठेवायची. तिथं आलो की हात थांबायचा. नवरदेवाचा चुलता येऊन म्हणालाच, "मास्तर, आज कॉर्नेट न्हाई व्हय? आमी ते ऐकून तुमाला सांगितलं हुतं."

"पोट बिघडलंय त्यांचं," मी म्हणालो.

खिशात फोन थरथरत होता. ढोलापुढं काय ऐकू येतंय? अक्षता पडल्या, बँड थांबला, तेव्हा बघितलं. अकरा फोन. सगळे अक्काचे. मी मांडवाच्या मागं जाऊन लावला.

"हणमंता!" अक्काचा आवाज ओळखू येईना. "आरं, ते मला वळखंना झाल्यात. रेश्माला आई म्हणत्यात. हातातली सुई उपसून टाकली."

"आगं, ग्लानी आसंल..."

फोन कुणीतरी घेतला. मुजावर मॅडम होत्या. "मास्तर, तुम्हीच आणलं होतं ना यांना? रिपोर्ट आलाय. लिव्हर फार बिघडलंय, साध्या काविळीत इतक्या लवकर असं होत नाही. यांच्या पोटात काय गेलंय ते मला कळलं पाहिजे. काय घेतलं यांनी?"

माझ्या ओठावर आलं होतं, खरंच आलं होतं. पण फोन अक्काचा. शेजारी ती उभी, कान लावून. "लेकीच्या डोक्यावरचा हात तुझ्या नवऱ्यानं खोटा पाडला आणि मी पाडायला लावला," हे मांडवाच्या मागं खरकट्या पत्रावळीजवळ उभं राहून कसं बोलू?

"येतो मॅडम. आल्यावर सांगतो."

"आत्ता सांगा!"

मी फोन ठेवला. जेवणाची पंगत सोडून पोरांना गाडीत कोंबलं. रस्ता तासाभराचा, त्यात वाटेत टायर बसलं. मी रस्त्यावर उभा राहून लखनला, ड्रायव्हरला, टायरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. बापू म्हणाला, "मास्तर, किती वरडशील? आत काय खुपतंय ते बोल की."

"गप बस म्हाताऱ्या! तुझीच चूळ ही!"

पण त्याची चूळ नव्हतीच. उपाय त्याचा, न्याय माझा.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. दारात जीप उभी होती आणि दाजींना चादरीच्या झोळीतून बाहेर आणत होते. दाजींचा धाकटा भाऊ पुढं, आणखी दोघं मागं. अक्का रडत बाजूनं चालत होती आणि मुजावर मॅडम वाट अडवून उभ्या होत्या.

"मी सांगतेय ना, हलवायचं तर मोठ्या दवाखान्यात. ॲम्ब्युलन्स बोलावलीय मी."

"बाई, ही कावीळ हाय," भाऊ म्हणाला. "काविळीला तुमच्यात औषध न्हाई. पलीकडच्या वाडीत एक माणूस मुळी देतो. तीन दिसांत उतरती. आमच्या मामाची उतरली."

"कसली कावीळ आहे तेच कळत नाहीये!" मॅडमचा आवाज चढला. "वहिनी, आता तरी सांगा. हे दारू घेतात का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "लेकीची शपथ हाय त्यास्नी."

झोळीत दाजींचा चेहरा दिसला. अंगाचा रंग हळदीच्या दिवशीच्या नवरदेवासारखा झाला होता. ओठ हलत होते. बोटं पोटावर हलत होती, तीन बोटं, खाली-वर. ते कॉर्नेटची बटणं दाबत होते.

तीच जीप सुटली असती, मुळी पोटात गेली असती, आणि मी लाल कोट घालून बघत राहिलो असतो.

"कावीळ न्हाई ती!" मी ओरडलो. "खाली ठेवा त्यास्नी! दारू पेल्यात ते. तीन दिस. मी पाजलीया. दातावर धरा म्हणून मी सांगितलं, आन् गोळ्याबी मीच दिल्या."

भावानं झोळी तशीच शेजाऱ्याच्या हातात दिली आणि माझ्या कानाखाली वाजवली. टोपी उडाली. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती दाजींच्या हलणाऱ्या बोटांकडं बघत होती.

"मारामारी नंतर," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या गोळ्या? किती?"

"ह्या." मी पाकीट काढलं. "पंधरा-सोळा."

"फक्त ह्याच?"

मी मागं वळून बघितलं. लखन खाली मान घालून उभा होता. मग त्यानं खिशातून दुसरंच पाकीट काढलं. "सर्दी-तापाच्या हायत. मला दाजी म्हणलं, मास्तरच्या गोळीनं भागंना. मी आठ दिल्या."

बापूनं कनवटीची पुडी सोडली. "अंगदुखीची. दुकानातनं आणल्या हुत्या. सहा."

बापूचा ढोल गाडीतून काढून दारातच ठेवला होता. त्याच्या चामड्याच्या पानावर आम्ही पाकिटं मांडली. मॅडम एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"ही, ही आणि ही. सगळ्यांत औषध एकच आहे. नावं वेगळी, रंग वेगळे, गोळी तीच. तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं?"

आम्ही कोण? वाजवणारी माणसं. एकानं दिलेली लागू पडेना म्हणून दुसऱ्याची घेतली. प्रत्येकाला वाटलं आपण एकट्यानंच उपकार केलेत.

"आणखी कुणी?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा अक्का पुढं आली. कमरेची पिशवी सोडली आणि कागदात गुंडाळलेल्या साध्या पांढऱ्या गोळ्या ढोलावर ठेवल्या. एक गोळी घरंगळून खाली पडली.

"सरकारी हायत. उपकेंद्रातल्या बाईनं तापाला म्हणून दिल्यावत्या. रोज रात्री झोपताना तीन देत हुते मी."

मॅडमनी ती उचलून बघितली. तीच गोळी.

त्या एवढंच म्हणाल्या, "चाळीसच्या आसपास झाल्या. तीन दिवसांत. उपाशीपोटी, वरून दारू, आणि आधीच पंधरा वर्षांच्या दारूनं थकलेलं लिव्हर. एवढी गोळी पचवताना जे विष तयार होतं ते त्याच्या आवाक्याबाहेर गेलं." मग भावाकडं वळल्या. "यावर उतारा आहे. मुळी नाही, इंजेक्शन. आत घ्या लवकर."

झोळी आत गेली. अक्का मागोमाग गेली. मी टोपी उचलायला वाकलो तेव्हा मॅडम माझ्याजवळ थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साडेनऊला विचारलं होतं मी तुम्हाला."

"सकाळीच दिलं असतं तर वाचलं असतं व्हय?"

"वाचतील आत्ताही, आपण प्रयत्न करतोय," त्या म्हणाल्या. "हे औषध जितकं लवकर तितकं बरं. साडेपाच तासांनी किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

मी दाराकडं बघितलं. अक्का आत होती. तिनं ऐकलं नव्हतं. देवाशप्पथ सांगतो, त्या घटकेला मला पहिलं हेच वाटलं, की बरं झालं तिनं ऐकलं नाही.

उतारा सुरू करूनच मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस आशा होती. गुरुवारी एकदा डोळे उघडून त्यांनी "दात ऱ्हायला," म्हटलं, असं रेश्मा सांगते. शुक्रवारी दुपारी ते गेले. आमच्या अजून सात तारखा राहिल्या होत्या. एकही वाजवली नाही.

तेराव्याला सगळे उठून गेल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. वाटलं, आता शिव्या देणार. मी त्याची वाटच बघत होतो.

"मला वास आला हुता," ती म्हणाली.

"कसला?"

"तोंडाचा. रैवारपासनं येत हुता. मी वळखला. पण म्हटलं, लगीनसराई संपू दे, मग भांडते. कामाच्या दिसांत कशाला घरात कालवा. आन् डॉक्टरणीला तोंडावर न्हाई म्हणून सांगितलं. खोटं बोलले मी, हणमंता. लोकांत त्यांची शपथ मोडलेली दिसू ने म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, तिला धीर पाहिजे. मी म्हणालो, "अक्का, तुझा काय दोष न्हाई."

तिनं अजून थोडा वेळ बघितलं. मग उठली आणि भांडी घासायला गेली.

नऊ वर्षं झाली. मी बँड चालवला, पण कॉर्नेट ठेवलं नाही. अक्काकडं जायचो, सणाला, पंचमीला. रेश्माच्या शिक्षणाला जमेल तेवढा उभा राहिलो. अक्का जेवायला वाढायची, बोलायची, पण दर वेळी निघताना अशी बघायची की मला चप्पल सापडायची नाही. घरी येऊन मी बायकोवर खेकसायचो. रात्री त्या साडेपाच तासांतला एकेक तास मोजायचो. अक्काला वाटतंय तिच्यामुळं गेले. आणि तिचं ओझं निम्मं माझं आहे हे एकट्या मला ठाऊक, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात रेश्माचं लग्न ठरलं. अक्कानं बोलावून घेतलं. ती तांदूळ निवडत बसली होती, मी समोर.

"बँड तुझाच," ती म्हणाली. "दुसऱ्याचा कशाला?"

मला काय झालं कुणास ठाऊक. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला.

"अक्का, त्या मंगळवारी मी त्यास्नी दवाखान्यात सोडलं ना, तवाच डॉक्टरणीनं मला इचारलं हुतं. साडेनऊला. दारू घेत्यात का, गोळ्या किती. मी न्हाई म्हणलो. दोनच गोळ्या म्हणलो. आन् वाजवायला गेलो. तीनला मी जे बोललो ते मला सकाळीच इचारलेलं हुतं. तू सोताला दोष लावून घेऊ नगंस. तू अकराला पोचलीस, तवा मी खोटं बोलून मोकळा झालेलो."

अक्काची बोटं तांदळात चालूच होती. एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"अकराला गेले तवाच बाईनं सांगितलं. म्हणाल्या, तुमचा भाऊ न्हाई म्हणतोय, तुमी काय म्हणता? तू न्हाई म्हणलास म्हणून मीबी न्हाई म्हणले."

मला वर बघवेना. "मग नऊ वरसं बोलली का न्हाईस गं?"

"तेराव्याला माझं सांगितलं की तुला. म्हटलं, आता ह्योबी सांगंल." तिनं सूप उचललं, पाखडलं, खाली ठेवलं. "मग वाट बघत बसले."

बाहेर रेश्मा कुणाशी तरी फोनवर हसत होती. मी रडत होतो, आणि अक्कानं कधी नव्हे तो माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई उशीर लावलास, हणमंता," ती म्हणाली. "तवाबी, आन् आत्ताबी."